क्लॅरिनेटची रिकामी जागा

आमच्या सिल्वासात वाजवणाऱ्यांचं एक मंडळ आहे. ते पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरतं, त्यामुळे सभासदांच्या खांद्यांवर नेहमी बारीक पीठ असतं. एरवी हे सगळे कंपन्यांत कामाला, बहुतेक धुळे-जळगावकडचे. लग्नसराईत मात्र लाल कोट चढवून ताशे, ट्रम्पेट घेऊन निघतात. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली, अशा थाटात सुरू झालेलं हे मंडळ डीजेच्या दणदणाटातही टिकलं. परवानगीसाठी पोलीस चौकीत तेच जातं, एकाच तिथीवरून दोन पार्ट्या भांडल्या तर समजूत तेच घालतं, आणि मुंबईहून क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायच्या वेताच्या पट्ट्या, म्हणजे रीडही तेच मागवतं.

त्या रीड लागायच्या माझ्या वडिलांना. आप्पा जवळच्या सायली गावात धाग्याच्या कंपनीत होते. चाळीत शेजारी रात्रपाळी करून झोपलेले, म्हणून रविवारी दुपारी रियाजाला ते खेरडीच्या शेतांकडे जायचे, मला सायकलच्या कॅरियरवर बसवून. बांधावर बसून ते वाजवायचे. भात डुलायचा, पाण्यात ढग सरकायचे आणि मला तिथेच झोप लागायची. त्या दुपारी खरंच होत्या की मी झोपेत पाहिल्या, हे मला अजून सांगता येत नाही. घरी झोपवतानाही आप्पा माझ्या मनगटावर बोटं चालवायचे, जणू तीच क्लॅरिनेट. गाणं कुठलं, ते मी डोळे मिटून ओळखायचे.

पण सीझन लागला की आप्पा लोकांचे. माझी बक्षिसं, मावशीचं लग्न, ते कशालाच नसायचे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! म्हणून माझं लग्न ठरलं तेव्हा मी एकच मागितलं: पाठवणीला आप्पांची क्लॅरिनेट. गावातल्या कितीतरी मुली ती ऐकत सासरी गेल्या, मग मीच का नाही?

"ते नही जमायचं, माय," आप्पा म्हणाले. "मंडळानं ठरवेल आहे."

ठरवलेलं असं की सभासदाच्या घरी लग्न असलं तर सगळं मंडळ येऊन वाजवणार, पण त्या सभासदानं त्या दिवशी वाद्याला हात लावायचा नाही.

राग माझ्या नाकावरच असतो. तडक गिरणीवर गेले. मंडळाचे अध्यक्ष, ताशावाले काका, ताशाच्या दोऱ्या आवळत बसले होते.

"मग क्लॅरिनेट कोण वाजवणार?" मी विचारलं.

"कोनीच नही. तुझ्या बापाची जागा आम्ही खाली ठेवू."

"मी काय खाली जागा ऐकत सासरी जाऊ?"

काका हसले नाहीत. "पोरी, माझी लेक सासरी गेली तव्हा मी म्होरे ताशा बडवत होतो. मागं वळून पाह्यलं, तं गाडी निघून गेलती. तव्हा केला हा नियम."

मी तशीच जिना उतरले. पण राग गेला नाही. त्यांचा नियम त्यांना लखलाभ, मला माझ्या बापाचा सूर हवा होता.

पाठवणीच्या वेळी ऊन उतरलं होतं, मांडवात पिवळा उजेड भरला होता. आप्पा फेटा बांधून माझ्याशेजारी उभे होते. लाल कोटाशिवाय ते कुणाचे तरी पाहुणेच वाटत होते. ट्रम्पेटनं सुरुवात केली, बँजो मिसळला, आणि क्लॅरिनेट शिरते त्या जागी सगळे थांबले. ढोल तेवढा हळू चालू राहिला. वाद्यं बिघडली की काय म्हणून पाहुणे माना उंच करून बघायला लागले. मला रडू फुटणार, तेवढ्यात माझ्या मनगटावर बोटं चालायला लागली.

मी डोळे मिटले. भात डुलायला लागला, ढग सरकायला लागले. एकही सूर न चुकवता आप्पांनी सगळं वाजवलं आणि मला ते सगळं ऐकू आलं. शेवटच्या सुराला त्यांचं बोट दाबलेलंच राहिलं.

ड्रायव्हरनं गाडीचं दार उघडलं.

"ओळखलं?" आप्पांनी विचारलं.

पहिल्या सुरालाच ओळखलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "परत वाजवा."