मंत्र्यांची गाडी

ऐंशीच्या दशकात, मी अमेरिकेत स्टेट कॉलेज या गावी शिकत असताना, युरोपातले एक उदारमतवादी मंत्री आमच्याकडे व्याख्यानाला येणार होते. आम्ही मराठी पोरं पुष्पगुच्छ घेऊन दारात कुडकुडत गाडीची वाट बघत होतो. मंत्री म्हटला की गाड्यांचा ताफा, दुसरं काय ठाऊक आम्हाला! व्याख्यानाची वेळ टळली, तसा मी वैतागलो.

तेवढ्यात, मघाशी कॅम्पसच्या बसमधून उतरून आत गेलेले एक गृहस्थ बाहेर आले.

"कोणाची वाट बघताय?"

"मंत्र्यांची."

"तो मीच. पण आता मंत्री नाही, नुकताच निवडणूक हरलोय."

आपल्या देशात निवडणुकीत पडलेल्या माणसाला कोण विचारतो? माझा गुच्छाचा हात आपोआप खाली गेला.

ते हसले. "पुढच्या वेळी परत उभा राहणार आहे."

मी गुच्छ पुढे केला. या वेळी मंत्र्याला नाही, त्या माणसाला, मनापासून.