मशिनीला लावलेलं खोबरेल

पेट्रोल पंपाच्या मशिनीला खोबरेल तेल लावणारा आमच्या भागात मी पहिलाच असेन. शेवटचाही मीच असावा, अशी इच्छा आहे.

पांढुर्ण्याहून सौंसरकडे निघालं की उजव्या हाताला आमचा पंप लागतो. मी तिथला मॅनेजर. खोबरेल लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कंपनीचे साहेब पाहणीला येणार होते. भागातला सगळ्यात नीट ठेवलेला पंप ते निवडणार आणि त्या पंपाच्या मॅनेजरला नागपूरच्या कार्यक्रमात जोडीनं मंचावर बोलावणार. त्या 'जोडीनं'मुळे आमच्या घरात आठ दिवस नुसती धामधूम. बायकोची साडी ठरली, तिच्या लोधीखेड्याच्या बहिणीला फोन झाला, बहिणीनं पुढे चार घरी सांगूनही टाकलं. पंप निवडला जाणं तेवढं राहिलं होतं!

संध्याकाळी मी दोन्ही मशिनी जातीनं पुसल्या. पण पत्रा जुना, चमक काही येईना. मग मला वडील आठवले. पोळ्याला ते बैलांची शिंगं घासून वर तेलाचा हात फिरवत, आणि शिंगं अशी लखलखत की बैल नवा वाटे. मी चहाच्या निमित्तानं घरी गेलो आणि खोबरेलाची बाटली घेऊन आलो. वरपासून खालपर्यंत हात फिरवला. काय त्या चमकल्या! एकीत पाहून मी मिशासुद्धा सारख्या केल्या.

हंगाम कापसाचा होता, हे मात्र डोक्यातच आलं नाही. समोरच कापसातून सरकी काढणारा जिनिंगचा कारखाना, आणि रस्त्यावरून कापसाच्या गाड्यांची रांग. सकाळी आठला पोचलो तर दोन्ही मशिनींना पांढरीशुभ्र दाढी!

आमच्याकडे गाड्यांत पेट्रोल भरणाऱ्या एक ताई आहेत. त्या सकाळी माझ्याआधीच पोचलेल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, रातच्याले थंडी वाजून राहिली होती काय मशिनीले? स्वेटरच घातलं तुमी!"

मी घाईनं कोरडं फडकं मारलं. कापूस निघेना, उलट त्याच्या वाती वळल्या जाऊ लागल्या.

"जमा करा," ताई म्हणाल्या, "देवाजवळ लावाले होतील."

"ताई, पाइप लावून धुऊन टाकू?"

"आत लाइट हाय ना भाऊ! पाणी गेलं तं साहेबाले बंद मशीन दाखवसान काय?"

"मग थोडं पेट्रोल घेऊन..."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की वाक्य तिथेच संपलं.

नाइलाजानं घरी फोन लावला. "ऐक ना, तेलकट पत्रा कशानं साफ होते?"

"कोणता पत्रा?"

"असाच, एक."

"कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका. फडकं घट्ट पिळा, मंग पुसा. मंग साध्या पाण्याचं फडकं, मंग कोरडं. अन् तेल कोणतं सांडलं?"

"गिऱ्हाईक आलं," म्हणून मी फोन ठेवला.

मग जी धांदल उडाली! एका मशिनीची लाइट बंद करून पुढे दोरी बांधली, गाड्या दुसरीवर घेतल्या. ताई पिळून द्यायच्या, मी पुसायचो. वरून खाली, एक पट्टा झाला की फडकं बदल. आकड्यांच्या काचेवर चरे पडू नयेत म्हणून माझी जुनी मऊ बनियन कामी आली. बटणांच्या कडा दात घासायच्या ब्रशनं. नोझल अडकवायची जागा, रबरी पाइप, सगळं. फक्त वजनमापवाल्यांनी मापाला ठोकलेल्या सीलला हात नाही. ते तुटलं तर साडी कपाटातच राहणार! पहिली झाली तेव्हा साडेनऊ, दुसरी झाली तेव्हा अकराला दहा कमी. माझा शर्ट ओला, पण मशिनी कोऱ्या करकरीत.

साहेब आले. खिशातून पांढरा रुमाल काढला आणि नेमका नोझलच्या मागे, जिथे कोणी पाहत नाही तिथे, फिरवला. रुमाल पांढराच! मला उडी मारावीशी वाटली. तेवढ्यात साहेबांनी रुमाल नाकाशी नेला.

"इथे नारळ फोडला का हो?"

ताई आभाळाकडे पाहू लागल्या. मला खोटं सुचेना, म्हणून वडील, बैल, शिंगं, कापूस, दाढी, सगळं सांगून टाकलं. साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला तोच रुमाल घेतला. पण निकाल न सांगताच गाडीत बसले. मला वाटलं, संपलं. माझ्याच तोंडानं मी मंच घालवला.

दुपारी चारला फोन आला. आमचाच पंप! साहेबांनी शेऱ्यात लिहिलं होतं म्हणे, की इथे मशीन बैलासारखी जपतात. ताईंनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मोटारसायकल अशी काढली की हेल्मेट पंपावरच राहिलं. ते घ्यायला परत यावं लागलं.

घरी बायको दारातच उभी. एका हातात इस्त्रीची साडी, दुसऱ्या हातात खोबरेलाची रिकामी बाटली. मी एका दमात बातमी सांगितली. तिचा चेहरा असा फुलला, की बाटलीचं ती विसरली असं मला वाटलं.

"चढीन मी मंचावर," ती म्हणाली, "पण त्या दिवशी माह्या डोक्याले काय लावू, ते जरा तुमच्या मशिनीले विचारून सांगा."