आईने ऐकलेलं बेअरिंग

अडीच लाख किलोमीटर धावलेली आमची जुनी गाडी कुंईऽऽ असा बारीक आवाज करू लागली. ॲक्सिलरेटर दाबला की तो आणखी चढायचा. शिवाजीनगरच्या मेकॅनिकने जरा ऐकून सांगितलं, "गिअरबॉक्स उघडावा लागेल." मी होही म्हटलं.

तेवढ्यात आई गाडीतून उतरली. आनेकलजवळच्या कारखान्यात तिने सगळी नोकरी विजेच्या मोटारी कानाने तपासण्यात काढली होती. "अण्णा, स्वल्प थांबा. लांब स्क्रू ड्रायव्हर आहे का?" तिने इथल्या सवयीने मराठीत कानडी मिसळत विचारलं. पदर घट्ट खोचून ती चालू इंजिनवर वाकली. स्क्रू ड्रायव्हरचं टोक एकेका भागाला टेकवून ती मुठीला कान लावत गेली आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरपाशी थांबली.

"याचं बेअरिंग गेलंय. गिअरबॉक्सला काही झालेलं नाही."

मेकॅनिकला ते पटलं नाही. तरी त्याने अल्टरनेटर फिरवणारा पट्टा काढून इंजिन पुन्हा सुरू केलं. आवाज बंद! त्याने स्वतः आईसाठी खुर्ची आणली. "अक्का, हे कुठे शिकलात?"

आई उत्तर देणार, इतक्यात मीच म्हणाले, "माझी आई आहे ती." त्याने ते विचारलंच नव्हतं, पण मला राहवलं नाही.