मास्तरांनी स्वयंपाकघर हातात घेतलं

कपड्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे कटिंग मास्तर म्हणत, आणि घराच्या आसपास नुसतं मास्तर. तेवीस वर्षं त्यांचं काम एकच. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं, मशीन फिरवायचं आणि चाळीस शर्टांच्या पाठीचे तुकडे एका दमात कापून मोकळं व्हायचं. एकच काम पुन्हा पुन्हा करणारा माणूस दिसला की त्यांचं डोकं फिरे.

त्यामुळे घरी ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघून त्यांची जीभ वळवळायचीच. "अगं, कांदा रोज काय चिरत बसतेस? आठवड्याचा एकदम चिरून ठेव की!"

बायको दवाखान्यात केसपेपर लिहायची. साडेसहाला घरी यायची आणि चप्पल काढते न काढते तोच तांदूळ धुवायला घ्यायची. साडेसातला पानं वाढलेली असत, कारण आबांच्या, म्हणजे मास्तरांच्या वडिलांच्या गोळ्या त्या वेळेला आणि भरल्या पोटी घ्यायच्या असत.

"उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातंय?" ती म्हणायची. "या, चिरा." मग मास्तर वर्तमानपत्र उघडायचे.

एका सोमवारी दवाखान्यातून घरी यायला निघताना पायरीवर तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. मुलीची शाळेची शेवटची परीक्षा तोंडावर आलेली. मास्तरांनी बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "त्यात काय एवढं?"

पहिल्या संध्याकाळी पानं वाढली तेव्हा नऊ वाजले होते. आबांनी साडेसातला पाव आणि दूध घेऊन गोळ्या गिळल्या होत्या. जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं, "काय रे, जेवण परगावाहून यायचं होतं का?" भात खाली लागलेला, रस्सा नुसता पाणी. मुलगी खाली मान घालून हसू दाबत जेवली.

दुसऱ्या दिवशी बायको प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसली. "तुम्ही कपाट अकरा वेळा उघडलंत," ती थोड्या वेळाने म्हणाली. "आणि भाताकडे बघत का उभे आहात? तो काय पळून जाणार आहे? तोवर लसूण सोला."

मास्तर तिचं ऐकत गेले. पातेलं चुलीवर चढायच्या आत कांदा चिरून तयार हवा. डाळ सकाळी कामावर जाण्याआधीच भिजत घालायची. हातासरशी भांडी विसळली की शेवटी डोंगर साचत नाही. हे सगळं ती इतकी वर्षं करत होती आणि त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांच्या नाकी नऊ आले.

मग रविवारी मात्र त्यांच्यातला कटिंग मास्तर जागा झाला. त्यांनी तीन किलो कांदे आणले, डोळ्यांतून धारा लागल्या तरी सगळे चिरले, निम्मे टोमॅटोबरोबर परतून डब्यांत भरले. लसूण सोलून बरणीत. बटाटे एकदम उकडलेले. फळीवरच्या बरण्या काढून, हाताला सापडतील अशा ओट्यावरच मांडल्या आणि प्रत्येकीभोवती कापडावर आखतात तशी खडूने रेघ मारली. मीठ इथे, तेल तिथे. तिसऱ्या आठवड्यात सगळा स्वयंपाक पस्तीस मिनिटांत व्हायला लागला. कारखान्यात शिलाईवर बसणाऱ्या बायका म्हणायला लागल्या, "मास्तर, हल्ली कापडाला लसणाचा वास येतोय हो!" मास्तरांना ते कौतुकच वाटलं.

प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी बायको ओट्याशी आली. सवयीने तिने फळीवर हात घातला. हातात चहाचा डबा आला.

"माझं मीठ कुठंय?"

"हे काय, समोरच. बघ, हात उंचवायला नको, शोधायला नको…"

"हे स्वयंपाकघर आहे की तुमचं कटिंगचं टेबल?" तिचा आवाज चढला. "एकोणीस वर्षं मी अंधारातसुद्धा इथून मीठ काढलंय. आज माझ्याच घरात पाहुण्यासारखी उभी आहे!"

मास्तरांना लागलं. त्यांनी सगळ्या बरण्या परत फळीवर ठेवल्या, ओल्या फडक्याने रेघा पुसल्या आणि बाहेर जाऊन वर्तमानपत्र उघडलं.

पण आता साडेसातची पानं सव्वाआठवर गेली, मग साडेआठवर. आबा पुन्हा पाव-दुधावर आले. चार दिवस मास्तरांनी जीभ आवरली. पाचव्या दिवशी, "अगं, आज बराच…" एवढंच म्हणाले, तर आतून तुटक उत्तर आलं, "होतंय."

पाणी प्यायच्या निमित्ताने ते आत गेले. तिने भाताचं पातेलं मोरीच्या कडेला टेकवलं होतं. वरचं पाणी काढायला ती ते डाव्या कोपराने रेटून कलतं करत होती. उजव्या हाताची बोटं झाकणावर नुसती ठेवलेली. झाकण सरकलं आणि अर्धा भात मोरीत गेला. ती तशीच उभी राहिली.

मास्तरांनी पातेलं हातातून घेतलं, खाली ठेवलं. "दुखतंय?"

"दुखत नाही. जोर येत नाही." मोरीतल्या भाताकडे बघत ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, पूर्वीइतका येईल असं सांगता येत नाही."

"कधी म्हणाले?"

"प्लास्टर काढलं तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" तिचे डोळे भरले. "तुम्ही पुन्हा सगळं हातात घेतलं असतंत. तुमचं पस्तीस मिनिटांत होतं. मग मी त्या स्टुलावर बसून काय करायचं?"

मोरीतला भात गोळा करता करता मास्तर म्हणाले, "मीठ तुझ्याच फळीवर राहील. जड उचलणं आणि चिरणं माझं."

"आणि रविवारचे डबे करत जा," ती पदराने नाक पुसत म्हणाली. "ते बरे होते."

"बरे होते? मग एवढी भांडलीस कशाला?"

"बरण्या हलवताना मला विचारलं होतंत?"

विचारलं नव्हतं, हे खरंच होतं.

हल्ली रविवारी दोघं समोरासमोर बसतात. आठवड्याचं काय करायचं ते ती ठरवते, मास्तर चिरतात. रोज संध्याकाळी आबांचं पान साडेसातला ठरल्याप्रमाणे वाढलं जातं, बाकीचे मागाहून. दोघं ओट्याशी असली की गप्पा होतात आणि हात मंदावतात. परवा ती दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगत होती. तो केसपेपरवर दर वेळी वय दोन वर्षांनी कमी लिहायला लावतो आणि वर म्हणतो, "असंच चाललं तर बाई, मी तुमच्या मुलीच्या वर्गात बसेन." मास्तर इतके हसले की ढवळायचं राहिलं आणि डाळ करपली.

आबांनी एक घास घेतला, पानाकडे पाहिलं, दोघांकडे पाहिलं आणि काही न बोलता दुसरा घास घेतला.