आजीने दाखवलेला डोंगर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी उंबरमाळीच्या बाजूला एका दगडखाणीवर मोजणीचं काम करत होतो. खाणीला लागूनच आदिवासींचा पाडा. निम्मे मजूर त्याच पाड्यातले.

एका सकाळी सुरुंग ठरल्यापेक्षा जोरात उडाला आणि वरच्या कपारीतला वाघोबा फुटला. पाड्याचा देव, शेंदूर लावलेला हातभर उंचीचा दगड. मी धावत वर गेलो, तर पाड्यातली माणसं तुकडे वेचत होती. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र एकही मजूर कामावर आला नाही.

आठ दिवस खाण बंद. मुंबईहून खाणीच्या मालकाने, शेठनी, मॅनेजरच्या हाती निरोप पाठवला, फरशी घालून चांगलं देऊळ बांधून देतो. पाड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या आजीने तो शांतपणे ऐकला.

"देवाला घर नाय लागत," ती म्हणाली. "डोंगर फोडाया घेतला तवा आमाला कोनी इचारलं का? तेवडं सांगाया शेटला धाड."

हे शेठना सांगायला मॅनेजर धजेना. मग कसाऱ्याहून फोन मीच केला. आजीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. शेठ म्हणाले, "उद्या येतो."

ते आले. पाड्यावर खाट पुढे केली तर ती बाजूला सारून खाली बसले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचं चुकलं. आधी विचारायला हवं होतं."

आजी उठली. "चल, तुला डोंगर दावते."

शेठ आणि मी तिच्या मागून निघालो. ती अनवाणी, वाकलेली, पण तिला गाठताना माझी दमछाक झाली. दर चार पावलांवर थांबून सांगायची. इथे कंद निघतात. इथे मधमाश्या दरवर्षी येतात. या फटीतलं पाणी चैत्रातही आटत नाही. तीन वर्षं मी तो डोंगर फूटफूट मोजला होता, आणि त्यातलं काहीही मला दिसलं नव्हतं. एखाद्या भरल्या घरात आंधळ्यासारखा वावरलो होतो जणू.

एका सपाटीवर ती खाली बसली. "हितं माजी दोन पोरं पुरलीत."

पुढे डोंगर कुठवर फोडायचा ते दाखवणारी चुन्याची रेघ बरोबर तिथून गेली होती.

"आजी, ही रेघ मी ओढलीय."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला काय ठावं, बाबा. तुला कोनी दावलं नवतं."

एवढंच. मी राग झेलायला तयार होतो. या बोलण्यापुढे मला मान वर करता येईना.

शेठनी तिथल्या तिथे ठरवलं, त्या सपाटीच्या अलीकडेच खाण थांबेल. पुढे ग्रामपंचायतीत तसं लिहून दिलं. पाड्यातल्या दोघांनी जागा पाहून होकार दिल्याशिवाय सुरुंग लावायचा नाही, असंही ठरलं. वाघोबाचे तुकडे पाड्याने आपल्या हाताने कपारीत मांडले. दिवाळीत वाघबारशीला, वाघोबाच्या पूजेच्या दिवशी, आम्हाला बोलावणं आलं. शेठ सगळ्यांच्या पंगतीत पानावर जेवले.

मजूर हळूहळू परतले. खाणीवर कामाला असलेला आजीचा धाकटा मुलगा मात्र आला नाही. पुढे तो मला कसारा स्टेशनवर भेटला, कल्याणला कामाला जात होता.

"शेट मानूस बरा हाय," तो म्हणाला, "पन त्या खानीत माजा पाय पडनार नाय."

शेठना मी ते सांगितलं. ते म्हणाले, "त्याचं बरोबर आहे."