गॅदरिंगमधली नवरी

ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेले नाही. दोन हजार सालानंतरचा काळ होता आणि हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. गावातल्या केबलवाल्याने टीव्हीसोबत इंटरनेटही द्यायला सुरुवात केली होती. दुकानदार, डॉक्टर, शिकवणीवाले अशा बऱ्याच लोकांनी हौसेने जोडणी घेतली होती.

एका सकाळी हजेरी चालू असताना बसस्टँडवरच्या चहावाल्याचा निरोप आला. हट्टा गावाकडून जीपा भरून माणसे आली आहेत आणि चौकातला फोटो स्टुडिओ फोडायची भाषा करत आहेत. शिपाई घेऊन मी तिकडे गेलो. शटर अर्धे खाली होते, मालक आत बसून होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. चौकशीला म्हणून त्याला गाडीत घेतले. खरे तर त्या वेळी त्याला तिथून सुखरूप हलवणे एवढेच मला करायचे होते. जीपांमधल्या माणसांना शांत केले आणि जिच्यावरून हे पेटले होते त्या मुलीच्या बापाला सोबत घेतले.

बाप मेंढ्या राखणारा, थोडी कोरडवाहू असलेला. मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. सेनगावकडच्या एका शिक्षक मुलाशी तिची सोयरीक जमली होती. लग्न तोंडावर आले असताना मुलाच्या घरी पोस्टाने एक पाकीट आले. आत चिठ्ठी नव्हती, फक्त फोटो होता. मुलगी शालूत, कपाळाला मुंडावळ्या, शेजारी फेटा बांधलेला तरुण आणि दोघांच्या गळ्यात हार. मुलीचे आधीच लग्न झाले आहे असे समजून त्यांनी तो फोटो बापाच्या हातात ठेवला आणि सोयरीक मोडली.

“लेकरानं कॉलेजच्या नाटकात नवरीचं काम केलं साहेब, दुसरं काही न्हाई,” बाप म्हणाला. “आता सोयरे फोन उचलून न्हाई राहिले. त्या फोटोवाल्यानं काहून असं करावं?”

गॅदरिंगचे फोटो स्टुडिओवाल्यानेच काढले होते, त्यामुळे संशय त्याच्यावर येणे साहजिक होते. दुपारभर मी त्याला फिरवून फिरवून विचारले. फोटो काढले, कॉम्प्युटरवर घेतले, छापून कॉलेजला दिले, यापलीकडे तो गेला नाही. माझा अनुभव असा की खोटे बोलणारा माणूस न विचारलेलेही सांगतो. हा विचारलेलेसुद्धा मोजकेच सांगत होता.

महिला शिपाई पाठवून मुलीला आईसोबत बोलावले. तिने फोटो बराच वेळ पाहिला. तो स्टेजवरचा नसून मेकअपच्या खोलीतला आहे, असे ती म्हणाली. डोळे अर्धे मिटलेले आले म्हणून तिनेच स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर बघून तो छापू नका असे सांगितले होते. म्हणजे स्टुडिओने हा फोटो कागदावर कधी छापलाच नव्हता. तो फक्त स्टुडिओच्या कॉम्प्युटरमध्ये होता. संशय आणखी घट्ट झाला. स्टुडिओवाला मात्र एवढेच म्हणाला, की कॉम्प्युटरला तो आणि त्याची बायको सोडून कुणी हात लावत नाही.

“मग तुम्हीच केलं असं होतं,” मी म्हणालो.

“तसंच दिसतं साहेब. पर मी न्हाई केलं.”

माहिती तंत्रज्ञानाचा कायदा नवा होता आणि त्याखालचा तपास उपअधीक्षकांनी करायचा असा नियम होता. आमच्या उपअधीक्षक साहेबांनी नांदेडकडच्या एका प्राध्यापिका बाईंना मदतीला बोलावले. त्या कॉम्प्युटर शिकवत. त्यांनी चहा घेण्याआधी लेखी परवानगी मागितली, साहेबांची आणि केबलवाल्याचीही. “परवानगीशिवाय हे तपासलं तर मीही त्याच कलमात बसेन,” त्या म्हणाल्या.

मग केबलवाल्याच्या खोलीत बसून त्यांनी आपल्या लॅपटॉपवर स्कॅनर नावाचा प्रोग्रॅम लावला. तो जोडणीवरच्या प्रत्येक कॉम्प्युटरचे दार ढकलून बघतो, कडी लावली आहे की नाही ते लिहून घेतो, पण आत जात नाही, असे त्यांनी मला समजावले. निकाल पाहून केबलवाल्याचा चेहरा उतरला. त्याने सगळ्या गिऱ्हाइकांना मध्ये आडपडदा न ठेवता एकाच जाळ्यात जोडले होते. स्टुडिओत दोन कॉम्प्युटर होते. दोन्हींवरून फोटो दिसावेत म्हणून मालकाने फोल्डर पासवर्डशिवाय उघडा ठेवला होता. तो फक्त त्या दोघांनाच नव्हे, तर जोडणी असलेल्या सगळ्या गावाला उघडा होता. डॉक्टरांकडचे रिपोर्ट, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, सगळे तसेच. आमच्या ठाण्यातला नवा कॉम्प्युटरही त्यात निघाला. ती वायर मी लगेच काढायला लावली.

“मग फोटो नेला कुणी?” मी विचारले.

“ते हा प्रोग्रॅम सांगत नाही. कसा नेता आला असता, एवढं सांगतो. पुढचं काम तुमचं.”

स्टुडिओचा तो उघडा फोल्डर इतक्यात बंद करू नका, असा सल्लाही त्यांनी दिला. मालकाच्या संमतीने फोल्डरमधून गिऱ्हाइकांचे फोटो हलवले, मंडपाच्या सजावटीचे तेवढे ठेवले आणि कोणत्या कॉम्प्युटरवरून कोण त्यात शिरते त्याची नोंद चालू केली. शिपाई बसवून दुकान उघडले. काही दिवसांत त्या नोंदीत एकाच कॉम्प्युटरचा पत्ता पुन्हा पुन्हा दिसू लागला. केबलवाल्याने वायर ओळखली. ती बी-बियाण्यांच्या एका दुकानदाराच्या घरी जात होती. गावात मानाचा माणूस. सोयरीक मोडलेल्या मुलाच्या वडिलांकडे चौकशी केली तेव्हा कळले, की या दुकानदाराने आपल्या बहिणीची मुलगी त्याच मुलाला सुचवली होती.

पंचांसमक्ष त्याचा कॉम्प्युटर जप्त झाला. फोटो त्यात होता. आधी त्याने कानावर हात ठेवले. मग म्हणाला, “दार उघडंच होतं साहेब. मी काही तोडलं न्हाई.”

“नुसतं बघून बाहेर आलात, का काही उचललं?”

तेव्हा तो सगळे बोलला. करमणूक म्हणून तो लोकांचे फोटो बघत बसायचा. मुलीचा बाप त्याच्याच दुकानातून बियाणे नेत असे, त्यामुळे मुलगी ओळखू आली. आरसा आणि रंगाचे डबे दिसत होते तेवढी कडा त्याने कापली आणि घरीच फोटो छापला. “सोयरीक मोडंल, बाकी काय व्हनार, असं वाटलं,” तो म्हणाला. हे सांगताना त्याच्या आवाजात फारशी लाजही नव्हती.

दोषारोपपत्र गेले, पुढे शिक्षाही झाली. मुलीचा बाप स्वतः स्टुडिओत गेला आणि मालकाचे हात धरून बराच वेळ उभा राहिला. तरी एक लग्नसराई त्या स्टुडिओकडे गिऱ्हाईक फिरकले नाही. आमचे शिपाई घरोघर जाऊन पासवर्ड लावायला सांगत, तेव्हा लोक म्हणत, “आमच्याकडं काय हाय चोरन्यासारखं?”

नंतर मुलाचे वडील ठाण्यात आले. सोयरीक पुन्हा जुळवावी, आपण मध्यस्थी करा, असे त्यांचे म्हणणे. मी मुलीला आणि तिच्या बापाला बोलावले. मुलीने त्यांना नमस्कार केला आणि शांतपणे सांगितले, “तुमी मला एकदा विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. तुमी विचारलं न्हाई. मला आता तिथं न्हाई यायचं.”

मी बापाकडे पाहिले. “तिचं बराबर हाय साहेब,” तो म्हणाला, आणि दोघे उठले.

मुलाच्या घरच्यांनी फोटो पाहिला आणि निकाल दिला. जीपांमधल्या माणसांनी स्टुडिओ पाहिला आणि निकाल दिला. मीही त्या दुपारी निकालाच्या जवळ पोचलो होतो. त्यानंतरच्या नोकरीत एखादी वस्तू कुणाजवळ सापडली, की तिथपर्यंत आणखी कोण पोचू शकत होते हे मी आधी शोधायचो. आणि ज्याच्याबद्दल बोलले जात आहे, त्याला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कागदावर सही करत नसे.