बीन्सच्या शिरा

दहा मिनिटांत बीन्सची भाजी करून दाखवणाऱ्या बायांचा मला मनापासून राग येतो. मोबाईलवर रोज एक नवी दिसते. तिच्या पुढ्यात काचेच्या वाटीत बीन्स आधीच चिरून ठेवलेल्या असतात आणि ती हसत हसत त्या कढईत लोटते. त्या निवडल्या कोणी, शिरा काढल्या कोणी, चिरल्या कोणी, यावर चकार शब्द नाही. कढई तापल्यावरच घड्याळ लावायचं असेल तर पुरणपोळीसुद्धा दहा मिनिटांत होते.

आमच्या घरी बीन्सला वेळ लागायचा तो माझ्या सासऱ्यांमुळे. मी त्यांना मामाजी म्हणते. शहराच्या एका टोकाला, वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामात ट्रकमधून उतरणारा माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला. सासूबाई गेल्यावरही ते तिथेच भाड्याच्या खोलीत एकटे राहत होते. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा आम्ही त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेसाला, आमच्या फ्लॅटवर आणलं. खोली मात्र त्यांनी सोडली नाही. घरमालक जुना दोस्त, त्यामुळे कुलपाची किल्ली मामाजींच्या बंडीच्या खिशात राहिली.

बेसाला त्यांना करमेना. आमच्या सोसायटीत लोक लिफ्टमध्ये भेटले तरी मोबाईलमध्ये डोकं खुपसून उभे असतात, आणि वरून स्वतःला फॅमिली म्हणवतात. बोलायला कोणी नाही म्हणून मामाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला विचारायचे, "आता काय करून राहिली वं?" एक दिवस मी वैतागून त्यांच्यापुढे परात आदळली, त्यात बीन्स ओतल्या आणि म्हटलं, "ह्या निवडा." त्या दिवसापासून बीन्स, गवार, वालाच्या शेंगा हे खातं त्यांच्याकडे गेलं.

खरं सांगायचं तर त्यांना ते काम धड येत नव्हतं. गॅलरीतल्या उन्हात पेपर पसरून बसायचे. एका शेंगेची शीर ओढली की ती उजेडात धरून बघायचे, आणि तेवढ्यात पुढच्या दोन शेंगा शिरांसकट निवडलेल्या ढिगात जायच्या. भाजीवालीला, शेतकऱ्याला आणि खताला नावं ठेवणं चालूच. मी आत नेऊन गुपचूप पुन्हा सगळ्या तपासायची. मग मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, लाल तिखट, आणि झाकणावर पाणी ठेवून वाफ. शेवटी दाण्याचा कूट. ते कौतुकाने खायचे आणि म्हणायचे, "निवडली चांगली असली का भाजीले चव येते." मी दात आवळून हो म्हणायची. पण माणूस सकाळी अंघोळ करून, दाढी करून विचारायचा, "आज काय निवडाचं हाय?" वाडीचं नावही काढत नसे.

मग दिवाळीला माझी नणंद आली. ही पुण्याला असते. वर्षातून एकदा येते, बाकरवडीचा पुडा आणि सल्ले घेऊन. तिने वडलांना परातीपुढे बसलेलं पाहिलं, तेव्हा काही बोलली नाही. पुण्याला पोचल्यावर फोनवर कंठ फुटला. "वहिनी, या वयात बाबांना कामाला लावता? लोक काय म्हणतील?" उंटावरून शेळ्या हाकायला पुण्याइतकी उंच जागा नाही. नुसतं बोलून थांबली असती तर मी ऐकून सोडून दिलं असतं. पण ती तिकडून मोबाईलवर चिरलेल्या भाज्यांची पाकिटं मागवू लागली. दारावर बेल, पोऱ्याच्या हातात पाकीट, आत मापात कापलेल्या बीन्स.

नवरा कळमेश्वरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. बहिणीचं ऐकून तो मान डोलावतो, आणि माझं ऐकूनही डोलावतो. म्हणाला, "पाठवून राहिली तर घे ना."

"आज काय निवडाचं हाय?" मामाजी विचारायचे.

"चिरलेलंच आलं, मामाजी."

पुढे त्यांनी विचारणं सोडलं. दाढी वाढू लागली. दुपारी बारापर्यंत अंघोळ नाही. किल्ली बंडीच्या खिशातून निघाली आणि ते ती हातात घेऊन गॅलरीत बसू लागले. वाडीच्या त्या खोलीत त्यांना रात्री काही झालं तर पाणी द्यायला कोणी नव्हतं, हे मला दिसत होतं आणि भीती वाटत होती.

नणंद पुन्हा आली, कोणाच्या तरी लग्नाला. या खेपेला ताईसाहेबांनी कंबर कसली. पाकीट फोडलं, तव्यावर थोडं तेल, लसूण, वरून मिरपूड, आणि बीन्स हिरव्यागार असतानाच गॅस बंद. "जास्त शिजवायच्या नसतात, वहिनी. जीवनसत्त्वं जातात." माझ्या तर दातात कुरकुरल्या. मामाजींच्या तोंडात कवळी. ते बराच वेळ चावत राहिले, मग बोटांनी एक शीर ओढून काढली आणि ताटाच्या काठावर ठेवली. मग दुसरी, तिसरी. आम्ही सगळे बघत होतो.

"कोनं निवडल्या ह्या?"

"मशीनवर होतं सगळं, बाबा," नणंद म्हणाली.

"मंग मशीनलेच वाढ." त्यांनी ताट सरकवलं. "मी उद्या वाडीले जातो."

नणंदेचे डोळे भरले. "इथे तुम्हाला कमी काय आहे?"

"काहीच कमी नाही. सारं आयतंच हाय."

सकाळी ते चप्पल घालून, पिशवी भरून दारात उभे. नवऱ्याने कारखान्यात जाताना वाडीला सोडायचं कबूलही केलं होतं, कारण नाही म्हणणं त्याला कुठे येतं. मला रडू येण्याऐवजी संताप आला. या घरात सगळ्यांना मामाजींच्या प्रकृतीची काळजी होती, आणि मामाजी कोणालाच नको होते. मला हवे होते, त्यांच्या बडबडीसकट. मी तशीच खाली उतरले. कोपऱ्यावर गाडी लावणाऱ्या भाजीवालीकडच्या सगळ्यात जून, दोरासारख्या बीन्स निवडून घेतल्या आणि वर येऊन परातीत ओतल्या.

"मामाजी, एवढं निवडून जा. मला आज वेळ नाही."

त्यांनी एक शेंग उचलून मोडली. "ह्या काहून आनल्या? साऱ्या जून हायेत."

"भाजीवालीने ठगवलं."

"तू गेलीच कशाले एकटी? मले विचाराचं." ते चप्पल घालूनच गॅलरीत बसले. पिशवी नवऱ्याच्या हातात. तो घड्याळ बघायला लागला तेव्हा मामाजी म्हणाले, "तू जाय. तुले उशीर होऊन राहिला."

"वहिनी, अहो, त्यांचे हात दुखतील," नणंद कुजबुजली.

"ताई, तुमची गाडी चुकेल," मी म्हटलं.

दुपार झाली तरी त्यांचं निवडणं चालूच होतं. चप्पल केव्हातरी सुटून पडली होती. नवरा दारातच ठेवून गेलेल्या पिशवीतली बंडी मी धुवायला टाकली, तेव्हा त्यांनी बघितलं आणि पुढची शेंग उचलली. त्या बीन्स मी दुसऱ्यांदा तपासल्या नाहीत. रात्री ताटात त्यांच्या निवडलेल्या, मऊ शिजलेल्या बीन्स आल्या. पहिल्याच घासाला माझ्या दातात लांबलचक शीर अडकली. समोर नवऱ्याने बोट तोंडाकडे नेलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ते खाली घेतलं.

"शीर तं नाही न लागली कोनाले?" मामाजींनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. माझी गिळून झाली होती.

"मशीनले नाही जमत हे," ते म्हणाले. "उद्या गवार आन."

नवऱ्याने मान डोलावली. त्याला बोलता येत नव्हतं, तो अजून गिळत होता.